सत्तेचाळीस जण रजेवर

खुटबाव फाटा, ता. दौंड
६ जून २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

फोन लावला की तुम्ही दोनदा "हॅलो" म्हणून तो राजश्रीताईच्या हातात देता. ताईला संस्थेचं काही सांगावं तर ती म्हणते, "आप्पांना आता तरी रिटायर होऊ दे गं." म्हणून सरळ पत्र लिहिते आहे. पस्तीस वर्षं वर्कशॉपच्या आवाजात उभं राहून तुमचे कान गेले, पण डोळे अजून माझ्या चुका शोधण्याइतके शाबूत आहेत हे मला ठाऊक आहे.

काम असं आहे. आपल्या भीमाकाठ तंत्र प्रशिक्षण संस्थेचा वार्षिक अहवाल यंदा नव्या पद्धतीने द्यायचा आहे. तुम्ही प्राचार्य होता तेव्हा अनुदान पटावर मिळायचं. तीस सप्टेंबरला पटपडताळणी, त्या दिवशी हजेरीपटावर जेवढी नावं तेवढं अनुदान. आता ते निकालावर मिळणार. २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत किती मुलं पटावर आली आणि त्यातली किती पास होऊन बाहेर पडली, एवढंच बघणार आहेत. शंभरात साठ भरली तर ठीक. कमी भरली तर संस्था 'क' श्रेणीत जाणार आणि फिटरच्या दोन तुकड्यांपैकी एक बंद होणार.

आपले चोपन्न भरतात.

मी तीन वर्षं प्रभारी प्राचार्य आहे, आणि माझ्या सहीने तुकडी बंद झाली असं होऊ नये म्हणून आठवडाभर पट चाळते आहे. अडचण सत्तेचाळीस नावांची आहे. ही मुलं मधूनच यायची थांबली, पण नाव कमी केलेलं नाही. नावापुढे फक्त 'रजेवर' असं लिहिलं आहे. नव्या नियमाने ती सगळी नापासात धरली जातात. ऑफिसातल्या महेंद्र भाऊसाहेबांनी पट बघून मला विचारलं, "मॅडम, चार चार वरीस कोण रजेवर असतंय? मिल्ट्रीत तरी मिळती का एवढी रजा?" मला हसू आलं, पण तपासणी समितीला हसून उत्तर देता येणार नाही. समिती ऑगस्टमध्ये येणार आहे.

हे 'रजेवर' तुम्ही कधी आणि का सुरू केलंत ते मला तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. तब्येत सांभाळा.

तुमची,
करुणा

*

शिरूर
१४ जून २०२५

चि. करुणा,
जय भीम.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, आलीस की दाखवीन.

राजश्रीचं मनावर घेऊ नकोस. तिच्या मते रिटायर माणसाने सकाळी घोड नदीकडे फिरून यावं आणि दुपारी टीव्हीपुढे घोरावं. मी दोन्ही करून पाहिलं. टीव्ही ऐकू येत नाही आणि झोप येत नाही.

'रजेवर' कुठून आलं म्हणतेस. मी नववीत होतो. आई, म्हणजे तुझी आजी सरूबाई, सोलापूर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एकदा दगड पायावर पडला. कामावरचं नाव जाऊ नये म्हणून तिच्या जागी मी चाळीस दिवस गेलो. रस्त्याच्या मस्टरवर रोज आईच्या नावापुढे मी हजर. परत शाळेत गेलो तर मास्तरांनी पट उघडून दाखवला, माझ्या नावावर लाल रेघ. "नाव कमी केलंय तुझं. पुढल्या वर्षी ये." मास्तर वाईट नव्हते, नियमच तसा होता. पण ते 'कमी' हा शब्द असा काही म्हणाले की मला वाटलं, आपणच कुठेतरी कमी पडलो. माझं वर्ष गेलं. माझ्याबरोबर रेघ बसलेल्या दोघांची शाळाच गेली.

पुढे हजेरीपट माझ्या हातात आला तेव्हा ठरवलं होतं की रेघ मारायची नाही. पहिलं 'रजेवर' कुणाच्या नावापुढे लिहिलं ते तुला माहीत नसेल. २००३ सालची दिवाळी. फिटरच्या वर्गातली एकुलती एक मुलगी, आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या शहाण्या मेहुण्याने, पहिल्या वर्षातच तिचं लग्न लावून दिलं. दीड वर्षाने ती कडेवर लेकरू घेऊन परत आली. तिला नव्याने अर्ज करावा लागला नाही, दाखला मागावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कानस हातात घेतली. लोक म्हणाले, मामाचा वशिला. म्हणू दे. तुझ्यानंतर असे आणखी सहाजण परत आले, आणि ते काही माझे भाचे नव्हते.

समितीला हेच सांग. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मी एक विचारतो. खुर्ची सोडली तेव्हा या हिशेबातले रजेवरचे एकतीस होते, मी मोजून ठेवले होते. तू सत्तेचाळीस लिहितेस. मधले सोळा कुठून आले?

तुझा मामा,
बबनराव

*

खुटबाव फाटा
२७ जून २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

पकडलंत. ते सोळा माझ्या अक्षरातले आहेत. पहिल्या पत्रात मी सगळ्यांची मोट बांधून तुमच्या खांद्यावर दिली, ते मुद्दाम दिली. तुमच्या नावामागे लपता आलं तर बघावं असं मनात होतं. चूक झाली.

त्या सोळांतले चौदाजण मी तुमच्यासारखेच लिहिले, परत येतील म्हणून. दोन मात्र तसे नाहीत. ती मुलं पंधरा दिवस आधीच निघून गेली होती, येणार नाहीत असं सांगून गेली होती. तरी मी अठ्ठावीस सप्टेंबरला त्यांच्यापुढे 'रजेवर' लिहिलं, कारण दोन दिवसांनी पटपडताळणी होती. तेव्हा मनाला म्हटलं, मामाही असंच करायचे. हे लिहिताना मला शरम वाटते आहे.

आता इथलं सांगते. महेंद्र भाऊसाहेबांनी एक वाट काढली आहे. नव्या नियमात पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबरअखेर, ज्याचं नाव कमी झालं तो मुलगा हिशेबात धरत नाहीत. आणि जुनं अनुदान तीस सप्टेंबरच्या पटावर मिळालेलं. तेव्हा त्यांचं म्हणणं, सत्तेचाळीसही नावं आपापल्या वर्षी एक ऑक्टोबरला कमी झाली असं दाखवायचं. जुन्या अनुदानाला धक्का नाही, आणि नव्या हिशेबात आपण चोपन्नावरून थेट सहासष्टवर. नवा हजेरीपट विकत आणून एकाच बैठकीत उतरवून काढू म्हणाले. अध्यक्ष मारुतराव तर मला चहा पाजून म्हणाले, "पोरी, कागुदच हाय. कागदावर एक तारीख टाकल्यानं कुणाच्या उसाला आग लागती का?" खरं सांगायचं तर मला तो मोह झाला. एक तुकडी म्हणजे वर्षाला वीस मुलं, आणि ही मुलं फी भरून दुसरीकडे शिकणाऱ्यांच्या घरची नाहीत.

पण ते बघताना दुसरंच सापडलं, आणि आठ दिवस ते लिहू की नको असं चाललं होतं. २०१८ च्या पटात नऊ नावं आहेत. सगळ्यांपुढे एकाच दिवशी, एकाच शाईने, तुमच्या अक्षरात 'रजेवर'. तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. वर्कशॉपच्या कामाच्या वहीत मात्र ती नऊही मुलं गणपतीपासून दिसत नाहीत. म्हणजे माझ्या दोघांसारखीच.

मामा, आजीच्या मस्टरची गोष्ट वाचून मी रडले होते. ती खोटी नाही हे मला माहीत आहे. पण त्या नऊजणांचं खरं काय ते मला सांगा. मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

करुणा

*

खुटबाव फाटा
२५ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

महिना झाला, उत्तर नाही. राजश्रीताईला फोन केला. ती म्हणाली, "आप्पा सकाळी आठला पिशवी घेऊन जातात, दिवेलागणीला येतात. कुठं गेला होता म्हटलं तर ऐकू न आल्याचं सोंग करतात." तुम्ही माझ्यावर रागावलात आणि घरात थांबवत नाही म्हणून बाहेर फिरता, असं मला वाटतं. रागावा, पण उन्हातान्हात फिरू नका.

समिती अकरा ऑगस्टला येणार. नवा हजेरीपट कपाटात कोरा पडून आहे. महेंद्र भाऊसाहेब रोज विचारतात, "मॅडम, बसायचं का उतरवायला?" मी उद्या म्हणते.

तुम्हाला सांगायचं नसेल तर नका सांगू. मी ते नऊ नावांचं पान बघितलंच नाही असं समजेन. फक्त दोन ओळी पाठवा.

करुणा

*

शिरूर
३० जुलै २०२५

चि. करुणा,
जय भीम.

राजश्रीने चुगली केली म्हणायची. तिला वाटतं मी पत्ते कुटायला जातो. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक वही असते. वहीत माझ्या एकतीसजणांची नावं आणि त्यांचे प्रवेश अर्जावरचे पत्ते आहेत.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला. तिसऱ्या दिवशी स्वतःचा आला. इतकी वर्षं मी 'रजेवर' लिहीत राहिलो आणि स्वतःला मोठा माणूस समजत राहिलो. पण रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी मी एकदा तरी चौकशीला गेलो का? तू परत आलीस, ते सहाजण आले, ते आपल्या पायांनी आले. बाकीच्यांच्या दारात मी कधी उभा राहिलो नाही. रेघ मारली नाही म्हणजे झालं, असं धरून चाललो. म्हणून म्हटलं, आता तरी जाऊन बघू.

महिन्याभरात एकोणीस सापडले. ऐकू येत नाही म्हणून मी वही पुढे करतो, लोक त्यात उत्तर लिहितात. कासुर्डीला सायली भेटली. तिच्या सासऱ्याची पिठाची गिरणी आहे. तिने लिहिलं, 'सर, पट्टा आन् बेअरिंग मीच बदलते. मिस्त्री बोलवत न्हाई.' मला चहा दिला आणि दीड किलो ज्वारीचं पीठ बांधून दिलं. एकजण जेसीबी चालवतो. एकाने मला लांबून ओळखलं आणि गाडी वळवून निघून गेला, त्याचंही बरोबर असेल.

विश्वजीत रांजणगावला गेटबाहेर भेटला. तुझ्या त्या नऊ नावांतला हा एक. सात वर्षं ठेकेदाराकडे हेल्पर आहे. त्याने उभ्या उभ्या लिहिलं, 'सर्टिफिकेट न्हाई म्हणून वर घेत न्हाईत. मी शिकवलेली पोरं आता माझीच सुपरवायझर हायेत.' मग लिहिलं, 'सर, पटावर नाव हाय का अजून?' मी हो म्हणालो. तो इतका हसला की मला त्याच्याकडे बघवेना.

इथे खुटबावात, तुझ्या संस्थेपासून हाकेच्या अंतरावर, रंगुबाईच्या घरी गेलो होतो. तुला भेटलो नाही, धीर झाला नाही. तिचा मुलगा आयुष २०२० च्या पटावरचा. मी त्याला रजेवर लिहिलं होतं. तो दोन वर्षांपूर्वी चौफुल्याच्या रस्त्यावर डंपरखाली गेला. एवढ्या जवळ राहून तुलाही कळलं नाही आणि मलाही नाही. रंगुबाईला लिहिता येत नाही, तिची नात ती बोलेल तसं वहीत उतरवत होती. ते पान समोर आहे, तसंच लिहितो. 'तुमच्या पटावर अजून हाय का त्यो?' मी मान डोलावली. 'मग ऱ्हाऊ द्या. रेशन कार्डातनं काढला, मतदार यादीतनं काढला. तेवढं एक ऱ्हाऊ द्या, सर.'

आता नऊजणांचं. २०१८ ला मुलं गणपतीला घरी गेली ती आलीच नाहीत. दिवाळीआधी ठेकेदार पोरं उचलतो हे तुला सांगायला नको. चाळीसचा पट एकतीसवर आला. बत्तीसच्या खाली गेला की एक तुकडी जाणार आणि सगळ्यात कनिष्ठ निदेशक घरी जाणार असा तेव्हाचा नियम. मारुतराव म्हणाले, "सर, तुमी रजेवर लिवताच की. आनखी नऊ लिवा." पण मी त्यांच्यावर ढकलणार नाही. कनिष्ठ निदेशक तू होतीस. तुझी मुलगी आठवीत होती आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मी रात्रभर विचार केला नाही की तळमळलो नाही. दुपारी जेवून आलो आणि नऊ वेळा लिहिलं.

पहिलं 'रजेवर' मुलाला परत येता यावं म्हणून होतं. या नऊ वेळा ती नुसती थाप होती. वाईट याचं वाटतं की दोन्हींचं अक्षर एकच आहे. आणि तीच थाप तू माझ्याकडून शिकलीस.

सोबत माझा खुलासा जोडला आहे, सहीनिशी. तो अहवालाला लाव. प्रत्येक नावापुढे तो मुलगा खरा कधी गेला ती तारीख घाल आणि नाव कमी कर. एक ऑक्टोबर कुठेही दिसता कामा नये. माझ्यावर वसुली निघेल. निघू दे. मला वाचवायला म्हणून काही करू नकोस. तुला वाचवायला म्हणून मी एकदा केलं, त्याचं काय झालं ते तुझ्यासमोर आहे.

बबनराव

*

खुटबाव फाटा
१९ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमचा खुलासा मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कुणाला दाखवला नाही. तो फाडून टाकावा, तुम्ही पाठवलाच नव्हता असं म्हणावं, असं दोनदा मनात आलं. माझी सात वर्षांची नोकरी त्या नऊ खोट्या शब्दांवर उभी आहे हे मला त्या पत्राने कळलं. मुलीची बारावी, तिचं नर्सिंग, घरावरचा स्लॅब, सगळं त्याच पगारातलं. मला तुमचा राग आला, मामा. मला विचारलं असतंत तर मी "नको" म्हणाले असते असं वाटलं. मग वाटलं, नसते म्हणाले. आणि मला खूप रडू आलं.

पाचव्या दिवशी तुमच्या खुलाशाखाली मी माझाही लिहिला, माझ्या सोळांचा, आणि त्यातल्या दोन खोट्यांचा वेगळा. कोरा हजेरीपट महेंद्र भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "मॅडम, तुमी सोताच्याच पायावर धोंडा पाडून घेताय." पण जुन्या वह्या काढून प्रत्येक मुलाची खरी तारीख शोधायला तेच रात्री आठपर्यंत माझ्याबरोबर बसले. खऱ्या तारखांनी हिशेब केला. सुरुवातीलाच गेलेले तेवढे वगळले गेले, बाकीचे राहिले. सत्तावन्न भरले. तीन कमी पडले.

अकराला समिती आली. एक बाई आणि त्यांचे मदतनीस. बाईंनी दोन्ही खुलासे वाचले, एकदा चष्मा काढून परत वाचले. म्हणाल्या, "हे स्वतःहून कुणी देत नाही." मग म्हणाल्या, नावं माझ्यासमोर कमी करा. मी एकेक नाव मोठ्याने वाचून रेघ मारत गेले. मारुतराव दारात उभे होते. विश्वजीतचं नाव आलं तेव्हा त्याचं हसणं तुम्ही लिहिलं होतंत ते आठवलं, आणि तरीही रेघ मारली. आयुषच्या नावाला हात चालेना. बाईंनी विचारलं काय झालं. मी रंगुबाईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मयत असेल तर तसा शेरा लिहा. रेघ मारायची गरज नाही." मी 'मयत' लिहिलं. सेहेचाळीस नावांवर रेघ आहे, त्याच्यावर नाही.

काल पत्र आलं. श्रेणी 'क'. पुढच्या वर्षीपासून फिटरची एकच तुकडी, वीस जागा. अकरा खोट्या नावांचं अनुदान परत करायचं. त्यात माझ्या दोघांचं माझ्याकडून आणि तुमच्या नऊजणांचं तुमच्या पेन्शनमधून. माझा प्रभार काढला, मी परत निदेशक. त्याचं मला काही वाटत नाही, वर्कशॉपमध्ये वाइसपाशी उभं राहून शिकवणं मला कधीही बरं वाटतं. मारुतराव मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "मामाभाचीनं मिळून संस्था बुडवली." वर्षाला वीस मुलं कमी शिकणार हे खरं आहे.

तुमच्या वसुलीतली निम्मी रक्कम मी दरमहा पाठवीन. नाही म्हणू नका. ती नोकरी माझी होती.

एक विचारायचं आहे. आपण बरोबर केलं ना?

करुणा

*

शिरूर
२८ सप्टेंबर २०२५

चि. करुणा,
जय भीम.

वसुलीची नोटीस आली. दरमहा दीड हजार, तीन वर्षं. राजश्रीने दोन दिवस अबोला धरला. मला ऐकू येत नसल्याने तो मला जाणवतच नाही हे तिच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तू पैसे पाठवलेस तर परत येतील. तुझे दोघे तुझे, माझे नऊ माझे.

बरोबर केलं का विचारतेस. मला माहीत नाही. वीस मुलांचं नुकसान झालं, ते आपल्यामुळे झालं, आणि ते पुसता येत नाही. एवढं मात्र कळतं की तू तो नवा पट लिहिला असतास तर आज मी तुला पत्र लिहू शकलो नसतो. काय लिहिणार होतो?

तुझं पत्र आल्यावर मी परत वही घेऊन निघालो. ज्यांना 'नाव आहे' असं सांगून आलो होतो त्यांना 'आता नाही' हेही मीच सांगायला हवं. हे पहिल्या फेरीपेक्षा जड गेलं. सायलीने ऐकून घेतलं आणि पुन्हा पीठ बांधून दिलं, तेव्हा माझी मान वर होईना. रंगुबाईला तो शेरा दाखवायला तूच जा. मयत म्हणून का होईना, नाव आहे हे तिला तिच्या नातीकडून वाचून घेऊ दे. तू तिथल्या तिथे आहेस आणि इतके दिवस गेली नाहीस, याचा हिशेब मी धरतो.

काल रांजणगावला गेलो. विश्वजीतची पहिली पाळी सुटली. मला बघून तो धावत आला, त्याला वाटलं मी परीक्षेची तारीख घेऊन आलोय. मी त्याला बाजूला घेतलं आणि वहीत सगळं लिहून दिलं. तू गणपतीतच गेला होतास, मी खोटं लिहिलं होतं, ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्या भाचीच्या नोकरीसाठी होतं. आता तुझ्या नावावर रेघ आहे, ती मीच मारायला लावली. त्याने ते दोनदा वाचलं. त्याचा ओठ हलला, काय म्हणाला ते मला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. मी वही मिटायला लागलो तर त्याने ती हातातून ओढून घेतली. मला वाटलं फाडतो.

त्याने लिहिलं, 'मग नवीन नाव कवा घालायचं?'

मी लिहिलं, सव्वीस वर्षांचा होशील, शेजारी सतरा वर्षांची पोरं बसतील, आणि जागा आता वीसच आहेत. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्याच ओळीवर परत बोट ठेवलं.

वयाची अट काय आहे, काम करता करता यायचं तर काही सवलत आहे का, आणि अर्ज कधी निघतात, हे नीट चौकशी करून मला कळव. त्याला ठेकेदाराकडे सुट्टी दोन महिने आधी मागावी लागते.

तुझा मामा,
बबनराव